आधी कुणी लिहिलेला विषय सोडायचा का?

‘यावर आधीच कुणीतरी लिहिलंय’ म्हणून चांगला विषय सोडून देणारे विद्यार्थी पुष्कळ. खरे तर आधीचे लेखन ही मोठी सोय असते. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली आला. सात वर्षांनी, मे १९१६मध्ये, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींवरच निबंध वाचला. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. आंबेडकरांनी दाखवले की ही लक्षणे वेगळी नाहीतच; बाहेर लग्नच होत नसेल, तर जातीत जन्मलेल्यांखेरीज कोणी आत येणार कसे? तिथून त्यांचा स्वतःचा प्रश्न सुरू झाला. शिवाय जातीचा अफाट पसारा बाजूला ठेवून निबंध त्यांनी जातींची घडण, उगम आणि वाढ एवढ्यापुरताच आखून घेतला.

विषय मोठा असला की मजकूर भरपूर मिळतो, हाही असाच एक समज. वसई तालुक्यातल्या चिंचोटीचेच पाहा. तुंगारेश्वरच्या जंगलातला धबधबा, पावसाळ्यातली झुंबड, बुडून होणारे मृत्यू, त्यापायी निघणारे प्रवेशबंदीचे आदेश. ‘चिंचोटी : पर्यटन आणि पर्यावरण’ हे शीर्षक भारदस्त दिसते, पण त्यात प्रश्नच नाही. बंदीच्या काळात गावातल्या टपऱ्यांची कमाई किती घटते, असे विचारले की कामाला तोंड फुटते. कोणाला भेटायचे, कोणत्या महिन्यांत, काय मोजायचे, सगळे ठरते. बंदीचे आदेश मागवता येतात, चहा-वडापाववाल्यांच्या मुलाखती एका सत्रात होतात.

आणि टपरीवाले म्हणाले की आमचे खरे गिऱ्हाईक भिवंडी रस्त्यावरचे ट्रकवाले, तर? तर मार्गदर्शकांशी बोलून प्रश्न बदलायचा. एकदा ठरलेला विषय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

सगळ्यांत घातक समज हा, की निष्कर्ष गृहीतकाला पुष्टी देणाराच हवा. १९३०च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावरून गोऱ्या युरोपियनांची श्रेष्ठता दिसेल, असा फिशर यांचा होरा होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्या फरकाचा वंशाशी संबंध आढळला नाही. प्रबंधात त्यांनी तेच लिहिले, आणि पदवीही त्याच प्रबंधावर मिळवली.