संधिबिंदूचा जमाखर्च

आपल्या भिवंडींतील यंत्रमागांच्या कारखान्यांत विजेच्या मुख्य तारेस अनेक फांद्या फुटलेल्या दिसतात. कोणत्या फांदींतून किती प्रवाह वाहतो, हें कसें काढावें? इ. स. १८४५ मध्यें किर्खोफ ह्या २१ वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्यानें नियम सांगितला : संधिबिंदूंत जितका प्रवाह येतो, तितकाच तेथून बाहेर जातो.

उदाहरण घेऊं. १२ व्होल्टांच्या बॅटरीच्या धन टोकापासून २ ओहम रोधाची तार संधिबिंदूपर्यंत आली. तेथून ३ व ६ ओहमांच्या दोन फांद्या ऋण टोकाकडे परतल्या. ऋण टोकाचा दाब शून्य व संधिबिंदूचा 'क्ष' माना. दाबांतील फरकास रोधानें भागिलें असतां प्रवाह मिळतो; म्हणून

(१२ − क्ष) ÷ २ = क्ष ÷ ३ + क्ष ÷ ६

यावरून क्ष = ६ व्होल्ट. येणारा प्रवाह ३ अँपिअर. जाणारे २ व १. जमाखर्च जुळला! प्रवाह तीन अज्ञात होते. परंतु एका 'क्ष'नें तिन्ही उलगडले.

पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, सर्व फांद्यांचा भार मुख्य तारेवर पडतो. ही बेरीज न करितां नवी फांदी जोडल्यास बारीक तार तापते. आणि जवळ सूत असल्यास आग लागावयास वेळ लागत नाहीं.