'गो'चं 'वेंट' कुठून आलं?

गो, वेंट, गॉन. शाळेत घोकताना मधलं 'वेंट' कुणाच्या घरातून आलंय, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. उत्तर मजेशीर आहे: ते खरंच दुसऱ्याच्या घरातलं आहे! इंग्रजीत 'वेंड' नावाचं क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. सेंडचं सेंट, स्पेंडचं स्पेंट, तसं वेंडचं वेंट. 'गो'चा जुना भूतकाळ निराळाच होता. पंधराव्या शतकापर्यंत तो मागे पडला आणि 'वेंट' त्या जागी बसला. बिचाऱ्या 'वेंड'ला मग 'वेंडेड' हे नवं रूप करून घ्यावं लागलं.

हसू नका, आपणही तेच केलंय. 'जातो'चं 'जाला' होत नाही, 'गेला' होतं. 'जा' संस्कृत 'या' धातूतून आला, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'मधून.

इंग्रजीत 'गो'ची ही रूपं वापरताना दोन ठिकाणी पाय घसरतो. 'आय डिड नॉट वेंट' चूक, कारण भूतकाळाचं ओझं 'डिड'ने आधीच उचललंय. तिथे साधं 'गो'च हवं. दुसरी जागा जास्त फसवी. 'शी हॅज गॉन टू लंडन' म्हणजे ती लंडनला गेलीय, अजून परतलेली नाही. 'शी हॅज बीन टू लंडन' म्हणजे जाऊन आलीय. हा 'बीन' तर 'बी' या तिसऱ्याच क्रियापदाचा! आपलं 'जाऊन येणं' मला इथे जास्त सरळ वाटतं. (घरातून निघतानाही आपण 'येतो' म्हणतो, पण ते कोडं पुन्हा कधीतरी.)