मोडीचा हात आणि मोडीचा फॉन्ट

वाशीम जिल्ह्यात जातपडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधणारा माणूस बहुधा कोतवाल बुकापाशी येऊन पोहोचतो. गावच्या जन्ममृत्यूच्या या वहीतील नोंदीची नक्कल तहसिलीतून मिळते. पण ती मोडीत. मग घरातले कुणीतरी मोबाईलवर मोडीचा फॉन्ट उतरवून घेते, मुळाक्षरांशी ताडून पाहते आणि दुसऱ्या ओळीवर अडते. असे अडलेले कागद माझ्याकडे येतात. मीही तक्त्यावरूनच शिकलो आणि असाच अडलो होतो.

मोडी ही धावत्या हाताची लिपी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवीत जायचे. देवनागरीत अक्षर झाल्यावर काना वेगळा द्यावा लागतो. मोडीत तो अक्षरातूनच वळत वर रेघेला भिडतो, आणि काही अक्षरांचे रूपच पालटते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वेलांटी बहुधा दुसरी, उकार पहिला. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. पेशवाईतल्या कागदांत तिरप्या कापलेल्या बोरूची जाड-बारीक रेषा दिसते. इंग्रजी अमदानीत टाक आला, रेषा नाजूक झाली आणि हात अधिकच घाईचा. आमची कोतवाल बुके या वळणाची.

विल्यम कॅरेने १८१० साली सेरामपूरला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला. खिळा आला की अक्षर सुटे पडते. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, नोटो सान्स मोडीसारखे फॉन्ट निघाले. त्यांचा उपयोग आहेच: वाचलेला मजकूर मोडीतच टंकून ठेवता येतो, त्यात शब्द शोधता येतो, वर्गात धडे देता येतात. (निमंत्रणपत्रिकेवर तर तो फारच शोभतो.) पण फॉन्टमधला प्रत्येक 'बा' एकसारखा.

मृत्यूच्या एका नोंदीत 'गणुबाबाजी' असे सलग लिहिलेले होते. मृत गणू आणि बाप बाबाजी, की मृत गणूबा आणि बाप बाजी? अर्जदाराच्या वंशावळीचा एक अख्खा दुवा यावर लोंबकळत होता. छायाप्रत पाहून काही कळेना. विनंती करून मूळ बुक पाहिले. त्याच हाताच्या तीस-चाळीस नोंदी वाचल्यावर ध्यानात आले, की हा लेखक बापाचे नाव लिहिण्याआधी टाक दौतीत बुडवी. त्यामुळे बापाच्या नावाचे पहिले अक्षर गडद उतरे. आमच्या नोंदीत गडद होता तो पहिला 'बा'.

तरी एवढ्यावर सही करायला मन धजेना. मागची पाने उलटत गेलो, तेव्हा त्याच घरातील एका जन्माच्या नोंदीत बापाचे नाव एकटेच सापडले: बाबाजी.