कारखान्यांतील विजेची मोटर: तपासणी आणि निगा

मुंबईच्या कापडगिरण्यांना १९१५ मध्यें खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रांतून वीज मिळूं लागली. तत्पूर्वीं गिरणींतील यंत्रें वाफेच्या एंजिनावर चालत, आणि त्या एंजिनाची शक्ति लांब दांडे, कप्प्या व पट्टे यांच्या द्वारें मागांपर्यंत पोहोंचे. एंजिन थांबलें कीं पट्टे थांबत, आणि काम बंद झाल्याचें सर्वांस डोळ्यांनीं दिसे. पुढें विजेच्या मोटरी आल्या व कालांतरानें बहुतेक यंत्रांस स्वतंत्र मोटर मिळाली. सोय झाली खरी, परंतु तिच्यामागून एक नवा धोकाहि आला.

थांबलेलें यंत्र म्हणजे निर्जीव यंत्र, असा मनुष्याचा जुना समज आहे. विजेच्या मोटरीच्या बाबतींत तो प्राणघातक ठरूं शकतो. बटन दाबून मोटर थांबविली तरी स्टार्टरच्या पेटींत ४१५ व्होल्टांचा दाब तसाच उभा असतो. दुसऱ्या खोलींतील एखादें बटन, पाण्याच्या टाकींतील तरंगता स्विच, किंवा गेलेली वीज परत येतांच आपोआप चालू होणारी योजना अशा मोटरीला कोणत्याहि क्षणीं फिरवूं शकते. म्हणूनच मोटरीच्या निगेचा पहिला धडा कुलपापासून सुरू होतो.

त्याची रीति अशी. त्या यंत्रावर काम करणाऱ्या सर्वांस सांगून मोटर थांबवावी. नंतर मुख्य पुरवठा तोडणारा स्विच उघडावा. स्टार्टरवर विसंबूं नये, कारण त्यांतील टोंकें वितळून एकमेकांस चिकटलेलीं असूं शकतात. उघडलेल्या स्विचला प्रत्येक कारागिरानें आपलें स्वतःचें कुलूप लावावें, किल्ली स्वतःच्या खिशांत ठेवावी, आणि काम चालू असल्याची पाटी आपल्या नांवासह अडकवावी. नुसते फ्यूज काढून ठेवणें पुरेसें नाहीं. भलताच मनुष्य दुसरे आणून बसवूं शकतो. यानंतर चालू करण्याचें बटन एकदां दाबून पाहावें. मोटर हलली नाहीं तरी तेवढ्यानें समाधान मानूं नये. वीज ओळखण्याचें पारखयंत्र प्रथम, वीज असल्याची खात्री आहे अशा ठिकाणीं, लावून पाहावें. मग त्यानें मोटरीच्या तिन्ही फेजा एकमेकींशीं व जमिनीशीं तपासाव्या. आणि शेवटीं तेंच पारखयंत्र पुन्हां पहिल्या ठिकाणीं लावावें. मध्यंतरीं तें बिघडलें असेल, तर ‘वीज नाहीं’ हें त्याचें उत्तर खोटें ठरतें, आणि त्या खोट्याची किंमत कारागिराला मोजावी लागते.

वीज तुटली तरी कांहीं शक्ति मागें उरते. मोटरीला जोडलेल्या कपॅसिटरमध्यें आणि वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हमध्यें विद्युद्भार शिल्लक असतो. तो उतरण्यास निर्मात्यानें जितकीं मिनिटें सांगितलीं असतील तितका वेळ थांबावें व मग तेथेंहि पारख करावी. पंपाच्या उभ्या नळांतील पाणी खालीं येतांना मोटरीला उलटें फिरवूं शकतें. उचलयंत्रावर टांगलेलें ओझें खालीं घसरूं शकतें. अशीं ओझीं आधीं टेकवावीं किंवा अडकवावीं.

इतकें झाल्यावर मोटरीच्या प्रकृतीकडे वळावें. तिचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्यांत तांब्याच्या तारांचीं वेटोळीं असतात. फिरता भाग म्हणजे रोटर. तो दोन बेअरिंगांवर तोललेला असतो. मोटरीचे बहुतेक आजार वेटोळ्यांचे किंवा बेअरिंगांचे असतात.

वेटोळ्यांचा मोठा शत्रु उष्णता होय. उष्णतामान मर्यादेहून सतत सुमारें दहा अंश सेंटिग्रेडनें अधिक राहिलें, तर तारांवरील विद्युद्रोधक आवरणाचें आयुष्य अदमासें निम्मे होतें. गिरणींत रुईचे तंतू पंख्याच्या जाळींत अडकले कीं हवा कोंडते, आणि कोणाच्या लक्षांत न येतां मोटर जळण्याच्या वाटेला लागते. जाळी आणि बाहेरील पन्हळी साफ ठेवणें हें झाडूवाल्याचें काम म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं.

दुसरा शत्रु ओलावा. पावसाळ्यांत बंद राहिलेली मोटर हवेंतील दमटपणा शोषून घेते. अशा वेळीं पुरवठा तोडून, ड्राइव्हसारखीं नाजुक उपकरणें अलग करून, ५०० व्होल्टांच्या मेगरनें रोध मोजतात, आणि मोजणी संपतांच वेटोळीं जमिनीशीं जोडून त्यांतील भार उतरवितात. एक मेगओहम हा जुना किमान संकेत. आज पांच मेगओहमची अपेक्षा ठेवतात. तथापि एकट्या आंकड्यापेक्षां आंकड्यांची रांग अधिक बोलते. समजा, एका मोटरीचा रोध गेल्या वर्षीं २०० मेगओहम होता, सहा महिन्यांपूर्वीं ८० झाला आणि आज १२ आहे. बारा हा आंकडा मर्यादेच्या वरचाच; पण ही उतरण पाहणारा मनुष्य मोटर वेळींच उघडून सुकवील, आणि वही न ठेवणारा ती चालवीत राहील.

बेअरिंगाच्या बाबतींत अति काळजीहि नडते. पोकळी ग्रीसनें गच्च भरली, तर तें घुसळलें जाऊन तापतें. निरनिराळ्या जातींचें ग्रीस एकत्र मिसळल्यास तें पातळ होऊन गळूं शकतें. म्हणून निर्मात्यानें सांगितलेलें ग्रीस, सांगितल्या मापानें व सांगितल्या मुदतीनें द्यावें. घरघर, नवी कंपनें, जळका वास यांची नोंद मोटर चालू असतांनाच, पण संरक्षक जाळी न काढतां आणि सैल कपडे दूर ठेवून, करावी.

मोटेचा एक बैल लंगडला कीं शेतकरी मोट थांबवितो. मोटरीची एक फेज तुटली तर ती तशीच ओढीत राहते. उरलेल्या दोन तारांतून नेहमीच्या सुमारें पावणेदोन पट प्रवाह वाहूं लागतो आणि वेटोळीं करपतात. तिला थांबविण्याचें काम ओव्हरलोड रिलेचें व योग्य फ्यूजचें आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं जाड तार बसविणें म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराचें तोंड बांधण्यासारखें आहे. तसेंच स्थिर बसविलेल्या मोटरीच्या धातूच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग हवींत, असा भारतांतील विद्युत्सुरक्षेचा नियम आहे. एक तुटलें तरी दुसरें कारागिराच्या रक्षणास उभें राहावें, हा त्यांतील हेतु.

काम संपल्यावर हत्यारें मोजावीं, जाळ्या परत बसवाव्या, माणसें दूर झाल्याची खात्री करावी, आणि ज्यानें कुलूप लावलें त्यानेंच तें काढावें. माल खोळंबला असतां मुकादम घाई करतो, आणि कुलपाचीं व पारखीचीं दहा मिनिटें त्यास वायां गेलेलीं वाटतात. अशा वेळीं वायरमननें ‘थांबा’ म्हणावें, आणि तसें म्हटल्याबद्दल त्यास कोणी दोष देऊं नये, एवढी शिस्त ज्या कारखान्यांत असेल तेथें मोटरीहि दीर्घकाळ टिकतील आणि त्यांवर राबणारीं माणसें संध्याकाळीं सुखरूप घरीं जातील.