वेग दुप्पट, अंतर चौपट

सरळ रेषेतली गती हा गतीचा सर्वांत साधा प्रकार. वस्तू पुढे जाणार किंवा मागे येणार, तिसरी वाट नाही. त्यामुळे एका दिशेला अधिक आणि उलट दिशेला उणे चिन्ह दिले की दिशेचा हिशेब मिटतो. फलंदाज पळून दोन धावा काढतो तेव्हा या क्रीझपासून त्या क्रीझपर्यंत जाऊन परत येताना तो सुमारे ३५ मीटर धावतो. हे त्याने कापलेले अंतर. विस्थापन मात्र शून्य, कारण तो निघाला तिथेच परत आला. अंतराला वेळेने भागले की सरासरी चाल मिळते, विस्थापनाला भागले की सरासरी वेग. बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात. भौतिकशास्त्रात वेगाला दिशा असावीच लागते.

वेग ज्या दराने बदलतो ते त्वरण. वेग नाही तर त्वरणही नाही, ही समजूत फार चिवट आहे आणि चूक आहे. चेंडू सरळ वर भिरकावला की तो मंदावत जातो, क्षणभर थबकतो आणि खाली येऊ लागतो. थबकतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, पण त्वरण तेव्हाही खालच्या दिशेनेच असते: दर सेकंदाला वेगात सेकंदाला ९.८ मीटरचा बदल. ते नसते तर चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता.

पडणाऱ्या वस्तूचा नियम गॅलिलिओने शोधला तो मोठ्या युक्तीने. वस्तू झपकन पडते आणि अचूक सेकंद दाखवणारे घड्याळ तेव्हा नव्हते. म्हणून त्याने पडणेच संथ केले. लाकडी तुळईत खोबण कोरली, ती घोटून गुळगुळीत केली, तुळई किंचित तिरपी ठेवली आणि खोबणीतून कांशाची गोल गोटी सोडली. वेळ मोजायला पाण्याचे मोठे भांडे. त्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तो तोलून पाही. समान कालखंडांत गोटी १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते, म्हणजे एकूण अंतर १, ४, ९, १६ असे वाढते. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्याने १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात मांडले. विहिरीत सोडलेला दगड दोन सेकंदांनी पाण्यावर आपटला, तर पाणी जवळपास २० मीटर खाली आहे, हे काठावर उभे राहूनच सांगता येते.

हाच वर्ग ब्रेक दाबल्यावर पुन्हा भेटतो. वेग दुप्पट असेल तर थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट असतो. म्हणून अंतर चौपट. समजा ब्रेकमुळे गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदाला ५ मीटरने घटतो. ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, धावणारी गाडी १० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ किलोमीटरने धावणारीला ४० मीटर लागतात. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी २० मीटर मिळवायचे. एकूण ६० मीटर, म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकीपुढे एक. पावसात रस्ता निसरडा होऊन ब्रेकची पकड निम्मी झाली, तर याच वेगाला १०० मीटर लागतात. पुढच्या गाडीपासून राखायच्या अंतराचा अंदाज या आकड्यांवरून बांधावा.