टेकडी, चिखल आणि खारा वारा: काळाचौकीचा भूगोल

काळाचौकीच्या नाक्यावरून समुद्र दिसत नाही. गिरणगावातल्या कित्येक घरांना तो आठवतो अनंत चतुर्दशीला, आणि तोही गिरगाव चौपाटीचा. खरं तर मुंबई बंदराचा किनारा इथून पूर्वेला जेमतेम दीडेक किलोमीटरवर आहे. मध्ये हार्बर मार्गाचे रूळ, कॉटन ग्रीन स्टेशन, बंदराची गोदामं, पूर्व मुक्त मार्ग आणि लांबच लांब भिंती. त्यामुळे समुद्र नजरेआड राहिला. पण इथली हवा कशी असणार, पाणी कुठे साचणार, गिरण्या या भागात का फोफावल्या, हे सगळं त्या समुद्रानं आणि त्याच्या काठच्या खडकानं ठरवलं आहे. चाळी आणि वसाहतींच्या जागी टॉवर उभे राहत असताना हा भूगोल समजून घेणं अगत्याचं झालं आहे.

परळ बेटाची पूर्व बाजू

मुंबईच्या सात बेटांपैकी परळ हे एक मोठं बेट. शीव आणि माटुंग्यापासून खाली परळ, शिवडीपर्यंत ते पसरलं होतं. काळाचौकी या बेटाच्या दक्षिण-पूर्व भागात येते. पश्चिमेला लालबाग, दक्षिणेला घोडपदेव, उत्तरेला परळ आणि शिवडी, पूर्वेला कॉटन ग्रीन.

मुंबईच्या जुन्या भूमीत टेकड्यांच्या दोन रांगा आहेत. पश्चिमेची रांग मलबार हिलपासून वरळीकडे जाते. पूर्वेची रांग डोंगरी, माझगाव, घोडपदेव, परळ, शिवडी अशी तुटक तुटक होत अँटॉप हिलपर्यंत पोचते. दोन्ही रांगा ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडलेल्या, सहा कोटी वर्षांच्या आसपास वयाच्या. पश्चिमेला काळा, टणक बेसॉल्ट आहे. पूर्वेच्या रांगेत ज्वालामुखीच्या राखेचे आणि खडकांच्या तुकड्यांचे थर ठिकठिकाणी सापडतात. हे सगळे थर पश्चिमेकडे कललेले आहेत.

पूर्वेच्या टेकड्या बांधकामाच्या गर्दीत आता ओळखू येत नाहीत. काही टेकड्या तर दगड आणि भरावासाठी फोडल्या गेल्या. तरी त्यांची नावं काळाचौकीकरांच्या कानांवर अधूनमधून पडतातच. महापालिकेची पाणीकपातीची सूचना निघाली की तिच्यात गोलंजी, फॉसबेरी, रावळी, भंडारवाडा ही जलाशयांची नावं असतात. पाणी उंचावर साठवलं तरच ते आपल्या वजनानं घराघरांत उतरतं. म्हणून जलाशय बांधायला पूर्वेकडचे हे उंचवटे निवडले गेले. नळाला येणारं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांमधलं, पण शेवटच्या टप्प्यात त्याला गती देतात या विस्मृतीत गेलेल्या टेकड्याच.

दोन रांगांच्या मधली जमीन सखल होती. वरळी आणि मुंबई या बेटांमधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि भायखळ्यापर्यंतचा भाग खाजणात जायचा. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, 1784 च्या सुमारास, तिथे बांध पुरा झाला आणि समुद्र अडला. पाणी हटलं, पण जमिनीची पातळी होती तिथेच राहिली. परळ, दादर आणि लालबागच्या सखल रस्त्यांवर आजही जे पाणी तुंबतं, त्यामागे ही जुनी पातळी आहे.

समुद्राला मागे सारणारा भराव

टेकड्यांच्या पूर्वेला बंदराच्या बाजूनं उथळ, चिखलाचा किनारा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, 1908 ते 1912 या काळात, पोर्ट ट्रस्टनं माझगाव ते शिवडी असा प्रचंड भराव घातला. सुमारे 580 एकर नवी जमीन तयार झाली आणि काळाचौकीपासून समुद्र आणखी लांब गेला. हार्बर रेल्वे 1910 साली कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आली होती. 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी याच मार्गानं धावली.

पूर्वी कुलाब्याला भरणारा कापसाचा बाजार या नव्या जमिनीवर हलला. ऐसपैस जागा, शेजारी बंदर आणि दारात रेल्वे, अशी सोय दुसरीकडे नव्हती. 1925 मध्ये उघडलेली कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत आजही कॉटन ग्रीन स्टेशनासमोर उभी आहे. वऱ्हाड आणि खानदेशच्या काळ्या मातीतला कापूस या भरावावर उतरायचा आणि मैल-दोन मैलांवरच्या गिरण्यांत त्याचं सूत व्हायचं.

एकच समुद्र, दोन तऱ्हेचे किनारे

काळाचौकीची हवा समजून घ्यायची तर अरबी समुद्राच्या पैलतीरावर जावं लागतं. ओमानमधलं सलाला हे बंदराचं शहर 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबई 19 अंशांवर. म्हणजे सलाला आपल्याहून विषुववृत्ताला जवळ, समुद्र तोच आणि जून ते सप्टेंबरचे नैर्ऋत्य मोसमी वारेही तेच. तरी सलालाला वर्षभरात साधारण 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, मुंबईला 2,200 मिलिमीटरहून अधिक. मस्कत आणि कराची ही शहरंही याच समुद्राच्या काठची, आणि तीही वाळवंटी.

हे असं का होतं? ओमानच्या किनाऱ्याला मोसमी वारे समांतर वाहतात. ते पृष्ठभागाचं ऊबदार पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि खालचं थंड पाणी वर येतं. थंड पाण्यावर धुकं आणि झिमझिम तयार होते. वरच्या थरात वाळवंटातली कोरडी, तापलेली हवा झाकणासारखी पसरलेली असल्यामुळे ढग उंच वाढू शकत नाहीत. आपल्याकडे तेच वारे शेकडो मैल ऊबदार समुद्रावरून बाष्प गोळा करत येतात आणि कोकण किनाऱ्याला जवळजवळ आडवे भिडतात. पाठीमागे सह्याद्रीची भिंत उभी असते. हवेला वर चढल्यावाचून गत्यंतर नसतं. वर चढली की ती थंड होते आणि पाऊस पडतो.

आखातात नोकरीला गेलेल्या गिरणगावातल्या आणि कोकणातल्या माणसांनी हा फरक अंगावर घेतला आहे. उकाडा आणि घाम तिथेही, खारा वाराही तिथे. नसतो तो पाऊस. तिथल्या शहरांना पिण्याचं पाणी समुद्रातून मीठ काढून मिळवावं लागतं. एवढा पाऊस पडूनही मुंबईला आता मनोरीला तसाच प्रकल्प हवासा वाटू लागला आहे. पाऊस उदंड असला तरी तो साठतो शंभर किलोमीटर दूरच्या डोंगरांत. शहरात पडणारं पाणी गटारांतून थेट समुद्रात जातं.

वाळवंट कधी कधी स्वतःही इथवर येतं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तान आणि सौराष्ट्राच्या दिशेनं आलेल्या धुळीच्या लोटानं मुंबईचं आकाश झाकोळलं होतं. दिवसाचं तापमान घसरलं आणि गाड्यांवर पांढुरकी धूळ साचली.

गिरण्यांना मानवलेली हवा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, तेव्हा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. काळाचौकी बेटाच्या पूर्व अंगाला असल्यामुळे पश्चिमेचा खारा वारा वरळी, लोअर परळ, लालबाग ओलांडून इथे पोचतो. वाटेतल्या उंच इमारतींच्या दाट भिंतीला अडून त्याचा जोर कमी होतो.

मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की खारा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि तेवढ्या वेळात पारा चढतो. सांताक्रूझला 14 एप्रिल 1952 ला नोंदलं गेलेलं 42.2 अंश तापमान हा तिथला उच्चांक आहे. एरवी समुद्र इथल्या तापमानाला टोकाला जाऊ देत नाही. मे महिन्यात विदर्भ चाळिशी ओलांडून होरपळत असताना मुंबईची सरासरी दुपार 33-34 अंशांवर असते. त्रास होतो तो दमटपणाचा, कारण घाम सुकत नाही.

पण हाच दमटपणा कापडधंद्याला मानवला. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि सूत वारंवार तुटतं. दमट हवेत ते लवचिक राहतं. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या ओल्या हवेत कापडगिरण्या वाढल्या त्याचं एक कारण हे होतं आणि मुंबईलाही ते लाभलं. पुढे गिरण्यांच्या खात्यांमध्ये हवा मुद्दाम ओलसर ठेवली जाऊ लागली. सुताला सुख देणाऱ्या त्या कोंदट हवेत कामगारानं आठ आठ तास पाळी भरली. गिरणगावच्या समृद्धीचा हिशेब मांडताना हा घाम विसरून चालणार नाही.

गिरण्यांना पाणीही लागे, म्हणून आवारात तलाव असत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 च्या आवारात असा तलाव आहे आणि महापालिकेनं तिथे वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारायला घेतलं आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यांच्या मोकळ्या जागा आणि पाणवठे यांचं काय होतं, हा प्रश्न आठवणींइतकाच हवापाण्याचाही आहे.

पाऊस आणि भरतीची गाठ

मुंबईत मोसमी पाऊस सरासरी 11 जूनला दाखल होतो. 2025 मध्ये तो 26 मे लाच आला. हवामान खात्याच्या नोंदींतलं हे सर्वांत लवकरचं आगमन, आणि त्याच दिवशी परळ-हिंदमाता भाग पाण्यात होता. शहरभर पाऊस सारखा पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त 74 च्या आसपास. 5 ऑगस्ट 2020 ला उलट घडलं. कुलाब्याला 331.8 मिलिमीटर पाऊस पडला आणि वारा ताशी 107 किलोमीटरपर्यंत गेला. सलालाच्या तीनेक वर्षांच्या सरासरीइतका पाऊस दक्षिण मुंबईनं एका दिवसात सोसला.

पाणी नुसत्या पावसानंच तुंबतं असं नाही. भरतीशी गाठ पडली की ते आणखी तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राची पातळी साडेचार मीटरवर चढते. तेव्हा गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. काळाचौकीचा उंच भाग यातून सुटतो, कारण तिथलं पाणी उतारानं वाहून जातं. पण ते जातं सखल भागाकडेच. लालबाग-परळच्या खोलगट पट्ट्यात चहूबाजूंनी आलेलं पाणी साचून राहतं.

यावर उपाय झाले आहेत. रे रोडजवळचं ब्रिटानिया उदंचन केंद्र भरतीच्या वेळी पावसाचं पाणी उपसून बंदराकडे टाकतं. हिंदमाताचं पाणी थोपवून धरण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. ओहोटी लागेपर्यंत पाणी त्यांत थांबतं. खाजणाच्या जमिनीला पाण्यासाठी थांबायची जागा लागते, हे शहराला दोनशे वर्षांनंतर पुन्हा मान्य करावं लागलं.

रणातून येणारे रोहित

भरावाच्या पलीकडे शिवडीचा चिखल मात्र उरला. ओहोटीला उघडी पडणारी ही दलदल, काठाची तिवरं, मागे तेलाच्या टाक्या आणि शेजारी दारूखाना भागात भंगारात निघालेली जहाजं. या जागी 1990 च्या दशकापासून दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी येऊ लागले. त्यांचं भारतातलं मोठं विणीचं ठिकाण कच्छचं रण. रणातलं पाणी आटत जातं तसे ते खाण्याच्या शोधात निघतात आणि खाडीच्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खात उन्हाळ्यापर्यंत इथे राहतात. जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू याच शिवडीहून निघतो.

पाहायचं असेल तर

कॉटन ग्रीनला उतरून आधी कॉटन एक्स्चेंजची इमारत पाहावी. मग पश्चिमेला काळाचौकीकडे चालत यावं. भरावाची सपाट जमीन सोडून जुन्या बेटावर आपण कधी आलो, ते रस्त्याच्या चढावरून कळतं. अभ्युदयनगर, शहीद भगतसिंग मैदान आणि दत्ताराम लाड मार्गानं लालबागकडे निघालं की पुन्हा उतार लागतो. शिवडीच्या जेट्टीवर जायचं तर डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. भरती-ओहोटीची वेळ पाहूनच जावं. पाणी चढायच्या किंवा उतरायच्या सुमारास पक्षी काठाजवळ असतात. 1680 मध्ये इंग्रजांनी बांधलेल्या शिवडी किल्ल्यावरून दलदल, बंदर आणि पूल एकाच नजरेत येतात.

अभ्युदयनगरची सुमारे 33 एकरांची म्हाडा वसाहत पुनर्विकासाच्या वाटेवर आहे. गिरण्यांच्या आणि बंदराच्या जमिनींचे आराखडे होत आहेत. इथल्या माणसांना मोठं, भक्कम घर मिळायलाच हवं. त्यांच्या आजोबांनी दहा बाय बाराच्या खोल्यांत आयुष्यं काढली. पण त्या घराच्या आराखड्यात खारा वारा आत यायला वाट, पाणी जिरायला उघडी माती आणि उतारानं खाली जाणाऱ्या पाण्यासाठी जागा असली पाहिजे. पैलतीरावरची शहरं पावसाच्या एकेका थेंबासाठी आकाशाकडे पाहतात. आपल्याकडे तो भरभरून पडतो, आणि त्याला जागा दिली नाही तर तो खालच्या वस्तीतल्या घरात शिरतो. काळाचौकीचा नवा नकाशा काढणाऱ्यांनी पहिली रेघ या उतारावरून काढावी. बाकीचं त्यानंतर ठरवता येईल.