काळं पडणारं पाणी

शत्रूने जैविक किंवा रासायनिक हत्यार वापरलं तर ते ओळखायचं कसं, यावर काम करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा म्हणजे ग्वाल्हेरची 'डीआरडीई'. तिथल्याच तिघा शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक चाचणी जगापुढे ठेवली. काचेची एक बाटली आणि आत रसायनात भिजवून वाळवलेला कागद, एवढंच तिचं सामान. बाटलीत पिण्याचं पाणी भरायचं, बूच लावायचं आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असेल तर बहुधा ते काळं होतं.

कागदात थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. विष्ठेतून येणारे काही जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्याच्या वासाचा तोच हा वायू. लोहाशी संयोग झाला की काळं आयर्न सल्फाइड बनतं. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको. उबेचं म्हणाल तर मराठवाड्यात वर्षातले बरेच महिने ती फुकटच मिळते! आज जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायला शिकवलं जातं, तेव्हा याच जातीची बाटली त्यांच्या हाती येते.

छत्रपती संभाजीनगरला तिची गरज का, हे इथल्या नळधारकाला सांगायला नको. नाथसागर जलाशयातलं पाणी शहरात येतं, पण नळाला ते काही दिवसांआड. मधल्या काळात जलवाहिनीतला दाब जातो आणि फुटलेल्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरू शकतं. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं स्वच्छ पाणी घरी पोहोचेपर्यंत तसंच राहील, याची खात्री देता येत नाही. म्हणून नमुना केंद्रावरचा नको, गल्लीच्या शेवटच्या नळाचा हवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहराच्या छावणी भागात दूषित पाण्याने गॅस्ट्रोची साथ पसरली, हजारो माणसं आजारी पडली. तिथे साथीची खबर बाटलीने नव्हे, दवाखान्यातल्या गर्दीने दिली. माणसांच्या आजारातून पाण्याची परीक्षा व्हावी, ही सर्वांत महागडी चाचणी.

याहून मोठा धडा शेजारच्या बीड जिल्ह्याने दिला आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामला गावातले लोक पिसवांनी हैराण झाले होते. घरांत उंदीर मरून पडत होते. प्लेगची ही अगदी जुनी खूण. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं रक्त शोधतात आणि जिवाणू माणसापर्यंत येतो. किल्लारीच्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असंही एक स्पष्टीकरण दिलं जातं. पुढे गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला.

गंमत बघा, येर्सिन या संशोधकाने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जिवाणू शोधला १८९४ साली. बरोबर शंभर वर्षांनी आपल्याकडे 'हा खरंच प्लेग आहे का?' यावर तज्ज्ञांत वाद पेटला. रक्तातली प्रतिपिंडं एक सांगत, जिवाणू वाढवून दाखवा म्हणणारे ते मान्य करत नसत. अखेर डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीने प्लेगवर शिक्कामोर्तब केलं. बीड आणि सुरतेच्या नमुन्यांतले जिवाणू वेगळे काढून, त्यांचे जनुक तपासून केलेले शोधनिबंध १९९६ मध्ये आले. त्यात दिल्लीच्या एम्सबरोबर ग्वाल्हेरची तीच प्रयोगशाळा होती.

म्हणजे उंदरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं आणि निर्विवाद पुरावा यायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. पुरावा हवाच. पण टेट्रासायक्लिनसारखं औषध वाटायला त्याची वाट पाहिली असती तर किती माणसं गेली असती, याचा विचार करा. माझ्या मते स्वस्त, ढोबळ चाचणीचं मोल इथेच आहे. ती आजाराचं नाव सांगत नाही, पाणी पिऊ नका एवढंच सांगते. तिला मर्यादाही आहेत. विहिरीच्या पाण्यात मुळात गंधकाचा अंश असला तर ती उगाच काळी होते. आणि पाणी काळं पडलं नाही म्हणून त्यात विषाणू नाहीत, असंही नव्हे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. ही नावं बाटलीतून कळत नाहीत, त्यासाठी पीसीआर लागतो.

पक्क्या पुराव्याआधीच्या अशा इशाऱ्याला सरकारी यंत्रणेतही जागा आहे. २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याचे तीन फॉर्म आहेत: 'एल' प्रयोगशाळेचा, 'पी' डॉक्टरांचा आणि 'एस' गावात फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याचा. 'एस' भरायला कुठल्याही अहवालाची गरज नसते. एकाच वस्तीत जुलाबाचे रुग्ण वाढले, एवढं दिसलं तरी पुरतं.